कमावलेलं कातडं

आमच्या घरात हरणाच्या कातड्याचा एक शर्ट आहे. त्याच्यावरून आमच्याकडे जितके वाद झाले, तितके घराच्या मॉर्गेजवरूनही झाले नसतील. गराजमध्ये, बर्फ काढायच्या फावड्याशेजारी, एका खुंटीवर तो टांगलेला असे. रंग एके काळी मधासारखा होता. पुढे कॉलर काळी झाली, मनगटं काळी झाली, कोपरं तुकतुकीत झाली. पाठीवर एक मोठा डाग पडला, तो कशाचा हे मलाही सांगता येणार नाही. मिलवॉकीच्या थंडीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना गेली वीस-बावीस वर्षं मी तोच घालत आलो आहे. आमच्या सौ.चं म्हणणं असं, की शर्टाचं वय झालं आहे, आता त्याला सन्मानाने निरोप द्यावा. माझं म्हणणं, वय तर माझंही झालं आहे, तेव्हा घरात असा पायंडा पाडू नये.

२०२४ च्या मार्चमध्ये मुलगी शिकागोहून वीकएंडला आली होती. गराजमधून आत येताना तिने नाकाला रुमाल लावला आणि निकाल दिला, "बाबा, एक तर हा शर्ट धू, नाही तर टाक." आजवर एकास एक असलेला सामना दोन विरुद्ध एक झाला. लोकशाही मानणाऱ्या माणसाने अशा वेळी शरण जावं हे उत्तम. मी म्हटलं, धुतो.

धुवायचा की टाकायचा, हा तसा लाँड्रीतला प्रश्न. पण त्या शर्टाबरोबर दुसरंही बरंच काही पाण्यात पडलं. ते आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत लिहावं की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार करत होतो. दिवाळीचा फराळ, नाटकाचे फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत यांच्या शेजारी असला विषय बरा दिसेल का? तरी लिहायला बसलो, कारण एका माणसाने मला तसं सांगितलं होतं. तो कोण, ते ओघात येईलच.

हा शर्ट मी विकत घेतलेला नाही. आम्ही १९८६ साली मिलवॉकीला आलो, तेव्हा शेजारच्या घरात एक पोलिश वंशाचे गृहस्थ राहत. त्यांचं आडनाव मला उच्चारता येईना आणि माझं त्यांना. एके दिवशी त्यांनी मला कुंपणापाशी थांबवलं, माझं आडनाव कागदावर लिहून घेतलं आणि दहा-बारा वेळा म्हणून पाठ केलं. मग त्यांचं माझ्याकडून म्हणून घेतलं. "शेजाऱ्याचं नाव यायलाच पाहिजे," म्हणाले.

सबंध आयुष्य त्यांनी चामड्याच्या कारखान्यात काढलं होतं. मिलवॉकी म्हटलं की लोकांना बिअर आठवते, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे शहर चामडं कमावण्याच्या धंद्यातलंही जगातलं एक मोठं केंद्र होतं. विस्कॉन्सिनच्या जंगलांतल्या हेमलॉकची साल, सरोवराचं आणि नद्यांचं पाणी, आणि मिलवॉकी-शिकागोच्या खाटीकखान्यांतून येणारी कातडी, असा सगळा योग इथे जुळला होता. आता ते कारखाने गेले. त्यांच्या काही इमारतींत आज ऑफिसं आणि अपार्टमेंट्स आहेत.

दर नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. म्हातारबुवा त्या शिकारीला जात, कातडं घरीच कमावत, आणि त्यांच्या बायकोने तीन-चार हरणांच्या कातड्यांतून हा शर्ट शिवला होता. २००३ साली ते नर्सिंग होममध्ये गेले तेव्हा तो त्यांनी माझ्या हातात ठेवला. मी शाकाहारी आहे हे त्यांना ठाऊक होतं. "खायचा नाहीये, घालायचा आहे," म्हणाले.

चामड्याला आपल्या मराठीत फारसा मान नाही. बेशरम माणसाला गेंड्याची कातडी असते, आणि जबाबदारी टाळणारा कातडीबचाऊ असतो. आपण चामड्याला बरं म्हणतो ते एकाच वेळी. कोणी फार मोठे उपकार केले, की माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायांत घातले तरी ते फिटणार नाहीत, असं म्हणतो. पण एक शब्द मात्र आपल्या भाषेने फार योग्य दिला आहे. कच्चं कातडं टिकाऊ करण्याच्या कामाला आपण 'कमावणं' म्हणतो. पैसा कमावतो, नाव कमावतो, शरीर कमावतो, तसं कातडंही कमावतो. हे काम कष्टाशिवाय होत नाही, हे भाषेला कळलं होतं. ते काम करणाऱ्याला मात्र ती भाषा बोलणाऱ्यांनी गावाबाहेर ठेवलं.

असो. शर्ट धुण्याकडे येतो.

आधी ड्रायक्लीनरकडे गेलो. त्याने चामडं धुण्याचा जो भाव सांगितला, त्यात नवे चार शर्ट आले असते, शिवाय डाग जातील याची हमी नाही. मग म्हातारबुवांनी शर्ट देताना काय सांगितलं होतं ते आठवून पाहिलं. कडक डिटर्जंट वापरायचा नाही. पाणी कोमट, त्यात अगदी सौम्य साबण थोडासा. आधी आतल्या शिवणीच्या कडेला ओल्या फडक्याने पुसून रंग सुटतो का ते पाहायचं. कॉलरवर आदल्या रात्री कॉर्नस्टार्च भुरभुरून ठेवायचं, म्हणजे ते वरवरचा तेलकटपणा शोषून घेतं. पाण्यात घातल्यावर नुसतं दाबायचं, पिळायचं नाही. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत आडवं पसरून वाळवायचं. ऊन नको, हीटर नको, ड्रायरचं तर नावच काढायचं नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं त्यांनी शेवटी सांगितलं होतं, "अर्धवट ओला असताना त्याला एकटा सोडू नकोस. ओढत राहा." यामागचं कारण साधं आहे. कातडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचं जाळं. कमावताना त्या तंतूंच्या मध्ये तेल मुरवलेलं असतं. साबणाच्या पाण्यात मळाबरोबर थोडं तेलही निघून जातं आणि वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात. मग कातड्याचा पुठ्ठा होतो. हरणाचं कातडं इतरांपेक्षा जरा समजूतदार असतं, तरी वाळेपर्यंत हाताने ताणत राहिलं तरच ते मऊ राहतं. कारखान्यात हे काम यंत्र करतं. घरी दोन माणसं लागतात.

वाळल्यावर लावायला म्हणून मी नीट्सफूट ऑइलची बाटली आणली होती. हे तेल गुरांच्या पायांच्या हाडांतून काढतात, हे लेबलवरून नाही तर माझ्या उत्साही तोंडातून सौ.ला कळलं. तिने ती बाटली चिमटीत धरून देवघरापासून घरात जास्तीत जास्त लांब जी जागा असेल तिथे नेऊन ठेवली. ती जागा अर्थातच गराज.

बेसमेंटमधल्या सिंकमध्ये शर्ट बुडवला. पाणी आधी चहासारखं झालं, मग कॉफीसारखं, मग काळं. आणि वास सुटला. ओल्या कातड्याचा वास. तो माझ्या चांगलाच ओळखीचा होता, पण तसा मी तो जवळजवळ साठ वर्षांत घेतला नव्हता.

१९६५ साली, मी आठ वर्षांचा असताना, वाईला आमच्या वाड्यात माझी मुंज झाली. गळ्यात नवं जानवं, आणि त्याला बांधलेला मृगाजिनाचा, म्हणजे हरणाच्या कातड्याचा, एक लहानसा तुकडा. उकाड्याने आणि घामाने तो ओला होऊन त्याचा वास येत होता. त्या दिवशी सकाळपासून मला एकच काम होतं. समोर दिसेल त्या मोठ्या माणसाला वाकून नमस्कार करायचा. मुंजीसाठी मला नव्या वहाणा सांगितल्या होत्या. त्या घेऊन आमच्याकडचे चर्मकार आले आणि दिंडी दरवाज्याबाहेर उभे राहिले. माझं नमस्काराचं यंत्र चालूच होतं. मी धावत बाहेर गेलो आणि त्यांच्या पायांशी वाकलो.

ते एकदम दोन पावलं मागे सरले. हातातल्या वहाणा खाली पडल्या. "नगं, नगं, धाकलं मालक! इटाळ हुईल तुमास्नी!"

माझा हात त्यांच्या पायाला लागलाच होता. त्यांच्या हातांना जो वास येत होता, तोच माझ्या गळ्यातल्या मृगाजिनाला येत होता. हे त्या वेळी माझ्या नाकाला कळलं, डोक्याला कळायला बराच वेळ लागला. मला कोणी रागावलं नाही. मोठी माणसं हसली. आईने बंबातलं गरम पाणी काढून मला पुन्हा आंघोळ घातली आणि पुढचे विधी यथासांग झाले. बाहेर पत्रावळीवर त्यांना जेवण वाढलं गेलं, आणि पाणी वरून, ओंजळीत.

अस्पृश्यता पाळणं राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने बंद झालं होतं. १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदाही आला होता. म्हणजे आमच्या दारात जे घडलं, ते कायदा होऊन दहा वर्षांनी. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, आमच्या घरात कोणी दुष्ट नव्हतं. आजोबा दारात आलेल्या कुणाला उपाशी जाऊ देत नसत. आई मुंगीला साखर घालणारी.

हे सगळं मी मुलीला त्या दिवशी बेसमेंटमध्ये सांगितलं. शर्टाची एक बाही तिच्या हातात, एक माझ्या हातात, आणि आम्ही दोघं तो ताणत बसलो होतो. तीन-चार तासांचं काम. टीव्ही लावायचा राहून गेला होता म्हणून बोलणं झालं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती चिडेल, किंवा कॉलेजात शिकलेलं काही ऐकवेल. तिने एवढंच विचारलं,

"त्यांचं नाव काय होतं?"

मला सांगता आलं नाही.

आमच्या वाड्यात येणारा दूधवाला मामा होता, पोस्टमन काका होते, भांडी घासणारी मावशी होती. कासारीणसुद्धा काकू होती. चपला करणाऱ्या माणसाला आम्ही जातीच्या नावाने ओळखत होतो. त्या नावापुढे ना काका लागलं, ना मामा. मी त्यांच्या हातच्या वहाणा घालून शाळेत गेलो, शिकलो, इंजिनिअर होऊन इथे आलो, पैसा कमावला. मिलवॉकीतल्या म्हाताऱ्याचं अवघड पोलिश आडनाव पाठ केलं. त्यांचं नाव मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून दोन शब्द माझ्या डोक्यात घोळत आहेत, मळ आणि विटाळ. लहानपणी मला ते एकच वाटत. शर्ट धुताना कळलं की यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मळ वस्तूला लागतो, आणि साबण-पाण्याने, कष्टाने, जातो. सिंकमधलं ते काळं पाणी हरणाचं नव्हतं, कातडं कमावणाऱ्या म्हातारबुवांचंही नव्हतं. तो माझाच वीस वर्षांचा घाम होता, माझंच केसांचं तेल, माझ्याच गाडीचं ग्रीस. विटाळाचं तसं नाही. तो एक माणूस दुसऱ्या माणसाला लावतो, आणि ज्याला लावला त्याने कितीही धुतलं तरी जात नाही, कारण तो त्याच्या अंगावर नसतोच.

आणि हिशोब पाहा कसा. मुंजीला मृगाजिन लागतं, ते पवित्र. देवळातल्या भजनाला पखवाज आणि मृदंग लागतो, त्यावर कातडंच असतं, तेही पवित्र. शेतातल्या विहिरीची मोट कातड्याची, पूर्वी तुपा-तेलाचे बुधले कातड्याचे. या सगळ्याला आमची हरकत नव्हती. मेलेलं जनावर ओढून नेणं, चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढणं, मांस खरवडणं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात ते मुरवणं, यातलं काही आम्हाला दिसायला नको होतं. आमचं सोवळं टिकावं म्हणून ते काम करायला कुणीतरी कायमचं ओवळं राहणं भाग होतं. आपल्या शुद्धतेचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचा आणि वर त्यालाच कर्जदार म्हणायचं, असा तो व्यवहार होता.

संत रोहिदासांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. कातडं भिजवायच्या त्यांच्या कठवतीत प्रत्यक्ष गंगा प्रकट झाली. आपण ती भक्तीची गोष्ट म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. मला आता ती कामाची गोष्ट वाटते. गंगेला कठवतीतलं पाणी चाललं, ते तिने ओवळं मानलं नाही. पुढे काय झालं? कानपूरला जाजमऊ भागात गंगेच्या काठी चामड्याचे कारखाने उभे राहिले. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं झटपट कमावता येऊ लागलं, आणि ते पाणी नदीत जाऊ लागलं. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर, निदान प्राथमिक शुद्धीकरणाची सोय नसलेले तिथले कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. रोहिदासांच्या कठवतीत गंगा आली होती. आपण आपली कठवत गंगेत उपडी केली. मळ नाहीसा होत नाही, तो कुणाच्या तरी दारात जातो. फक्त ते दार आपलं नसलं की आपल्याला स्वच्छ वाटतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. मिलवॉकीच्या कारखान्यांत चुन्याच्या हौदांची कामं आधी जर्मन आणि पोलिश कामगार करत. १९२० च्या सुमारास मेक्सिकोतून माणसं आणली गेली, आणि पुढे त्यांच्या बरोबरीने काळे कामगार. जो शेवटी आला, आणि ज्याला दुसरीकडे कोणी घेईना, त्याच्या वाट्याला सगळ्यांत घाण काम. पण म्हातारबुवांचा मुलगा शाळेत शिक्षक झाला आणि कुणी त्याच्या हाताला बापाचा वास लावला नाही. कातडीच्या रंगावरून इथे जे चाललं आणि चालतं, ते मी विसरलेलो नाही. तरी जन्माच्या आधीच काम ठरवून टाकायची युक्ती आपलीच.

आता आपल्यापैकी काही जण म्हणतील, हे सगळं झालं-गेलं. इथे कुठे आहे जात? मीही असंच म्हणत असे. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. अमेरिकेतलं असं करणारं ते पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात संमत झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते नाकारलं. कायदा असावा की नसावा यावर आमच्या मित्रमंडळींत जेवणाच्या टेबलावर बराच वाद झाला. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. आम्ही बाराजण होतो आणि बाराही जण एकाच बाजूच्या वाड्यांतून आलेले होतो. इथे जात आहे का, असं विचारायला दुसऱ्या बाजूचं कोणी टेबलावर नव्हतंच.

दुसरी एक गोष्ट. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला दाखवल्या, आणि त्यात आधी भारताचं नावही घेतलं नाही. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ प्रेरणा कुठली ते मान्य केलं. आपल्या सगळ्या ग्रुप्सवर दोन आठवडे संतापाचे मेसेज फिरत होते, 'आमची कोल्हापुरी!' मीही फॉरवर्ड केले. २०१९ साली कोल्हापुरीला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, हेही अभिमानाने लिहिलं. मग स्वतःलाच विचारलं, 'आमची' म्हणजे कुणाची? ज्यांच्या हातांनी ती घडली त्यांना आम्ही 'आमचे' कधी म्हटलं होतं? कारागिराचं नाव न घेता त्याची वस्तू वापरण्याबद्दल आपण इटलीला दोष देत होतो. ते तर आमच्या वाड्यात रोज चाललं होतं.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. एक मित्र मला म्हणाला, "तू शाकाहारी ना? मग मुळात चामडं घालतोसच कशाला?" माझ्याकडे याला चोख उत्तर नाही. तीन-चार हरणांचे जीव त्या शर्टात गेले आहेत आणि तो कितीही जपला तरी ते परत येणार नाहीत. नवा शर्ट मी विकत घेणार नाही. पण जो आहे तो टाकून, त्याच्या जागी दोन-चार वर्षांत पापुद्रे निघणारा प्लास्टिकचा शर्ट आणणं, हे मला त्या जिवांचा दुसऱ्यांदा अनादर केल्यासारखं वाटतं. जे घेतलं, ते घेतलं असं मान्य करायचं आणि शेवटपर्यंत सांभाळायचं, एवढंच मला सुचतं.

वाड्याचंही असंच आहे. जे घडलं ते आजोबांच्या काळात घडलं, माझा काय दोष, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. पण वाडा विकला गेला तेव्हा त्यातला माझा हिस्सा मी घेतला होता. त्या वेळी मला असं काही सुचलं नाही की हा आजोबांचा वाडा, माझा काय संबंध. वाडा वारशाने आला असेल, तर त्याच्या दारातली ती दोन पावलंही माझ्याच वाट्याला येतात. शर्ट घेतला तो डागांसकट.

२०२५ च्या जानेवारीत भारतात गेलो तेव्हा वाईला दोन दिवस चौकशी केली. चर्मकारांचे नातू पुण्यात एका बँकेत अधिकारी आहेत असं कळलं. फोन केला. त्यांनी घरी बोलावलं. चहा झाला. मी मुंजीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, मला माफी मागायची आहे.

ते थोडा वेळ गप्प होते. मग अगदी शांतपणे म्हणाले, "काका, तुम्ही माफी माझ्या आजोबांची मागताय. ती मी परस्पर कशी देऊन टाकू? आणि समजा दिली, तर तुम्ही मोकळे व्हाल. मोकळे होऊ नका. हे तुमच्या लोकांना सांगा. आमच्या लोकांना ते माहीतच आहे."

म्हणून हा लेख.

निघताना त्यांनी आपणहून आजोबांबद्दल सांगितलं. त्यांनी आपल्या मुलांना कातड्याला हात लावू दिला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत घातलं, फी-पुस्तकांसाठी रात्री कंदिलाच्या उजेडात टाके घातले. आणि रोज संध्याकाळी काम संपलं की ते बराच वेळ हात धूत बसत. आधी राखेने, मग साबणाने. "हात स्वच्छच असायचे हो," ते म्हणाले, "पण जेवताना आजोबा तरी वास घेऊन बघायचे."

यावर माझ्याजवळ काही तत्त्वज्ञान नाही. एक शर्ट धुऊन कुणाचं काही धुतलं जातं, असं मानण्याइतका मी भाबडा नाही. पण आपला मळ आपल्या हातांनी धुवावा आणि ते पाणी कुठे जातं ते पाहावं, इतकं तरी मला जमायला हवं. आपल्यासाठी ज्याने घाणीत हात घातला त्याचं नावही विचारायला हवं.

शर्ट चांगला निघाला. कॉलर पूर्वीइतकी काळी नाही, पाठीवरचा डाग मात्र गेला नाही. डाव्या बाहीचा एक भाग कडक राहिला आहे, कारण त्या वेळी आम्ही बोलत होतो आणि ताणायचं विसरलो. सौ.ने तो आता गराजमधून आत, कोटांच्या कपाटात आणून टांगला आहे. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

पुण्याहून त्याच रात्री मी मुलीला फोन केला आणि नाव सांगितलं. इथे ते लिहीत नाही, कारण छापू का असं विचारल्यावर नातू नको म्हणाले. त्या नावात एक 'ळ' आहे. अमेरिकेत वाढलेल्या जिभेला तो जड जातो. पहिल्यांदा तिने 'ल' म्हटलं. मी म्हटलं, "असं नाही, पुन्हा म्हण." ती म्हणत राहिली. सहाव्या का सातव्या वेळी तिला ते नीट आलं.